टाळ्या वाजवून समोरचा कडा किती लांब आहे ते कसं काढायचं

ट्रेकला समोर कडा दिसला की सगळे ओरडतात, इको आला की हसतात आणि पुढे चालायला लागतात. पण त्याच इकोवरून कडा किती लांब आहे तेही निघतं, लागतं काय तर दोन हात आणि मोबाईलचं स्टॉपवॉच.

हिशोब सोपाय. आवाजाचा हवेतला वेग म्हणजे ३३१ अधिक तापमानाच्या ०.६ पट, म्हणजे २५ डिग्रीला सेकंदाला ३४६ मीटर. आवाज जाऊन परत येतो म्हणून वेग गुणिले वेळ, भागिले २. (हे २ ने भागायचं हमखास राहतं.)

आता एकच टाळी वाजवून वेळ मोजायला जाल तर फसाल, कारण बटण दाबताना ०.२ सेकंद इकडेतिकडे होतातच आणि तेवढ्यात ३५ मीटरचा फरक पडतो. म्हणून एक टाळी नाही, ठेका धरायचा. टाळी वाजवा, इको ऐका, मग पुढची टाळी बरोब्बर इकोवर पडेल असा वेग हळूहळू जुळवा. जुळलं की इको ऐकूच येत नाही, आपल्याच टाळीखाली झाकला जातो, पहिल्यांदा जरा विचित्रच वाटतं. मग मित्राला स्टॉपवॉच द्या आणि 'शून्य' म्हणत सुरुवात करून वीसपर्यंत मोजा. मी आधी 'एक'पासून मोजायचो, त्यात मधली अंतरं १९ च होतात आणि उत्तर दरवेळी कमी यायचं, कळायला बराच वेळ गेला. समजा २० ला १४ सेकंद लागले, तर एक फेरी ०.७ सेकंदाची, म्हणजे कडा साधारण १२१ मीटरवर. आता बटणाची तीच चूक वीस फेऱ्यांत वाटली जाते, दीडदोन मीटरवर येते.

एक चेक मात्र कराच: टाळ्या अचानक थांबवा. नंतर एकच टाळी परत ऐकू आली तर बरोबर, दोन आल्या तर तुम्ही दुप्पट वेगाने वाजवताय.

भिंत चाळीस-पन्नास मीटरवरच असेल तर एवढ्या भरभर टाळ्या जमत नाहीत, तेव्हा टाळी-इको-टाळी-इको असा सारखा ताल धरा, इको बरोब्बर मधोमध. मग दोन टाळ्यांमधल्या वेळेच्या निम्मा धरायचा. १७ मीटरच्या आत इको वेगळा कळतच नाही, तिथे टेपच बरी.

जागा निवडताना सपाट भिंत बघा, कोकणकड्यासारख्या आत वळलेल्या कड्यावरून आवाज वेगवेगळ्या ठिकाणाहून पुढेमागे येतो. टाळी कमी पडली तर लाकडाचे दोन ठोकळे आपटा पण फटाके बिटाके नकोत, कड्यांना आग्या मोहोळं असतात.

अंतर आधीच माहीत असेल तर उलटं करून वेग काढा, न्यूटनने केंब्रिजला ट्रिनिटी कॉलेजात इको लोलकाशी जुळवून तेच केलं होतं. शाळेची लांब भिंत, पन्नास मीटरची टेप आणि शांत रविवार सकाळ, बस.