विधवा मातेच्या मुलांचे शिक्षण : मदत कशी उभी करावी

गावातील एखादा तरुण शेतकरी किंवा मजूर दगावला, की तेराव्यापर्यंत त्या घरी धान्य, पैसे, माणसे यांची फारशी उणीव पडत नाही. मुलांच्या शाळेचा प्रश्न मात्र पुढच्या जूनमध्ये उभा राहतो आणि तोवर मदत करणारे पांगलेले असतात. पाच-दहा मित्रांनी, निवृत्त शिक्षकांनी किंवा एखाद्या महिला मंडळाने अशा घरातील मुलांचे शिक्षण पार पाडायचे ठरवले, तर ते काम कसे करावे, यासाठी हे लेखन आहे.

देणगी गोळा करण्यापूर्वी त्या आईला शासनाकडून जे मिळायला हवे ते मिळते आहे का, हे पाहावे. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून गरीब विधवेला दरमहा १,५०० रुपये मिळू शकतात. अर्ज तहसील कार्यालयात करायचा असून कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील कमावता माणूस ६० वर्षांच्या आत गेला असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २०,००० रुपये एकदाच मिळतात. मुलांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे ती बालसंगोपन योजना, जिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले आहे. वडील गेलेल्या मुलालाही तिचा लाभ मिळू शकतो, वयाच्या १८ वर्षांपर्यंत दरमहा २,२५० रुपये मिळतात, आणि तरीही ही योजना केवळ अनाथांसाठी आहे अशा समजुतीने पुष्कळ माता अर्जच करत नाहीत. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे जातो, गृहचौकशी होते आणि बाल कल्याण समिती आदेश देते. मजुरी बुडवून जिल्ह्याच्या ठिकाणी हेलपाटे घालणे त्या बाईला परवडत नाही. म्हणून आपल्यापैकी एकाने तिच्याबरोबर जाणे, तिचे भाडे भरणे आणि बुडालेली मजुरी देणे हे पहिले खरे दान समजावे. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात १ लाख रुपयांचे शासकीय साहाय्य असते, पण जमीन मृताच्या किंवा कुटुंबाच्या नावावर नसणे, कर्ज विनापरवाना सावकाराचे असणे अशा कारणांनी प्रकरण अपात्र ठरले, की त्या घराला हे साहाय्य मिळत नाही. मदतीसाठी कुटुंब निवडताना अशी अपात्र ठरलेली घरे आधी शोधावीत, असे माझे ठाम मत आहे.

यानंतर कागदपत्रे. मृत्यूचा दाखला, शिधापत्रिकेतील बदल, सातबाऱ्यावर वारस म्हणून आई-मुलांची नोंद, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते ही कामे पहिल्या वर्षातच करून घ्यावीत. त्यांतही जातीचा दाखला आणि जात पडताळणी यांकडे आठवी-नववीपासून लक्ष द्यावे, कारण त्यासाठी वडिलांच्या बाजूचे पुरावे लागतात : वंशावळ, आजोबा-चुलत्यांचे शाळा सोडल्याचे दाखले. नवऱ्यामागे सासरी खटके उडून बाई माहेरी परतली असेल, तर हे कागद तिला कोणी देत नाही आणि गुणवत्ता असूनही मुलाचा राखीव जागेवरील प्रवेश अडतो. येथे पैशाचा उपयोग नसतो. सासरच्या माणसांशी सलोख्याने बोलू शकेल अशी गावातील वडीलधारी व्यक्ती हवी असते. चुलते ऐकतच नसतील, तर ज्या शाळेत वडील आणि आजोबा शिकले तेथे अर्ज करून दाखल्यांच्या प्रती मागाव्यात.

आता पैशाचा विचार. पहिली ते आठवीपर्यंत सरकारी व अनुदानित शाळेत शिक्षण, पुस्तके आणि दुपारचे जेवण मोफत मिळते, त्यामुळे तेथे वह्या-दप्तरांच्या वाटपावर सारा निधी खर्च करू नये. मूल गळते ते नववीपासून पुढे. आठवीत असतानाच त्याला राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेला बसवावे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा मोफत पास आहे, तर मुलग्यांना सवलतीच्या पासाचे पैसे भरावे लागतात. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क शासन भरते. परंतु खोलीभाडे आणि मेस त्यात येत नाही, आणि शहरात राहून शिकणाऱ्या मुलाचा मोठा खर्च तोच असतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, ते वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठीच. समजा, दहा जणांनी दरमहा ३५० रुपये दिले, तर वर्षाला ४२,००० रुपये होतात. मेससाठी महिना ४,००० रुपये धरले, तर एका विद्यार्थ्याच्या दहा महिन्यांच्या जेवणाची सोय होऊन थोडे उरते. याशिवाय एक छोटा फिरता निधी वेगळा ठेवावा, कारण शिष्यवृत्ती खात्यात उशिरा येते आणि महाविद्यालय शुल्क आधी मागते.

शुल्क थेट संस्थेत भरून पावती ठेवावी, बाकीची रक्कम मात्र आईच्या खात्यावर ठरलेल्या तारखेला जमा करावी. प्रत्येक पेन्सिलीचा हिशोब तिच्याकडे मागू नये. शंभर रुपयांत घर चालवणाऱ्या बाईला काटकसर शिकवण्याची आपली पात्रता नाही.

मदत करताना तिची आणि मुलांची मान खाली जाणार नाही, याची काळजी घ्यावी. व्यासपीठावर बोलावून धनादेश देणे, मुलांना ओळीत उभे करून छायाचित्रे काढणे, ती समाजमाध्यमांवर टाकणे, हे पूर्णपणे टाळावे. घरभेटीला एकट्या पुरुषाने जाऊ नये. सोबत बाई असावी, कारण गावात कुजबुज सुरू झाली तर तिची झळ त्या आईलाच बसते. शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला. आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाला या मातांना सन्मानाने बोलावले जात नसेल, तर मुलांना दिलेल्या पैशाने ती उणीव भरून निघत नाही.

निधी नोंदणीकृत संस्थेमार्फत दिला, तर जुन्या करपद्धतीत आयकर सवलत मिळू शकते, पण २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर नाही. परदेशातील मराठी माणसांनी एक भेद ध्यानात ठेवावा : भारतीय नागरिकत्व कायम असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी कायद्याने विदेशी धरली जात नाही, परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची देणगी मात्र विदेशी ठरते आणि ती फक्त परदेशी योगदान कायद्याखाली (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते.

सर्वांत कठीण भाग म्हणजे टिकणे. वीस मुलांना एक वर्ष मदत करण्यापेक्षा दोन मुलांना आय.टी.आय., परिचर्या किंवा पदवी हाती येईपर्यंत सांभाळावे आणि हे वचन आईला सुरुवातीलाच स्पष्ट शब्दांत द्यावे. त्यासाठी एका वर्षाचा खर्च नेहमी आगाऊ जमा ठेवावा, म्हणजे एखादा सदस्य गळाला तरी मुलाचे सत्र अडणार नाही. मूल एखाद्या वर्षी नापास झाले, तर मदत थांबवू नये. तो विषय पुन्हा देण्याचा खर्च आधीच गृहीत धरावा. आईने पुनर्विवाह केला तरी मुलांचे साहाय्य चालू राहील, हे नियमांत लिहूनच ठेवावे, म्हणजे मुलांच्या शाळेपायी तिला स्वतःचे आयुष्य अडवून धरावे लागणार नाही.