ब्रोकरनं न विचारता ट्रेड मारले? स्कोअर्सवर तक्रार करताना इथं फसू नका

आधी ब्रोकरला लेखी मेल टाका, फोनवर भांडून काही हाताला लागत नाही. तिथं दाद मिळाली नाही तर शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीच्या स्कोअर्स या तक्रारीच्या पोर्टलवर पॅन टाकून अकाऊंट काढा. हे सगळं घटनेपासून वर्षाच्या आत, "जोतिबाची यात्रा झाली की बघू" असलं नको. टेलिग्रामवरच्या टिपवाल्यानं गंडवलं असेल तर हा लेख सोडा आणि आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावा.

तक्रारीत तारीख, शेअर, क्वांटिटी, रक्कम. लेजर, म्हणजे ब्रोकरकडचा तुमच्या खात्याचा उतारा, जोडा. "गरिबाला न्याय द्या" छाप दोन पानं कोणी वाचत नाही.

आता खरी गोम. २१ दिवसांत ब्रोकरचा एटीआर येतो, म्हणजे काय कारवाई केली त्याचा रिपोर्ट, आणि तो सेबीचा निकाल नसतो बरं का! माझे मामा मार्केट यार्डात गुळाचे व्यापारी, त्यांच्या खात्यात एका सब-ब्रोकरनं निफ्टीचे ऑप्शन मारले होते. एटीआरमध्ये लिहून आलं, "कॉन्ट्रॅक्ट नोट रजिस्टर्ड ईमेलवर पाठवल्या, सबब तक्रार बंद करावी." कॉन्ट्रॅक्ट नोट म्हणजे झालेल्या सौद्यांचं बिल. मला वाटलं सेबीनंच हात वर केले, गप्प बसलो, १५ दिवस गेले आणि तक्रार आपोआप बंद. त्या १५ दिवसांत फक्त रिव्ह्यूचं, म्हणजे फेरतपासणीचं, बटण दाबायचं होतं राव.

नंतर केवायसी फॉर्म मागवला तर ईमेलच्या रकान्यात सब-ब्रोकरच्या ऑफिसातल्या पोराचा जीमेल! मामांना मेल उघडतासुद्धा येत नाही.

म्हणून एटीआर आला की त्याच दिवशी वाचा, नाही पटला तर रिव्ह्यू मागा आणि त्यात एवढंच विचारा, ऑर्डर कोणी दिली त्याचा पुरावा दाखवा. कॉल रेकॉर्डिंग, सहीची चिठ्ठी, मेसेज, काहीतरी. २०१८ पासून सेबीचा नियमच आहे, हा पुरावा ब्रोकरनं ठेवायचा आणि वाद झाला तर त्यानंच सिद्ध करायचं. "कॉन्ट्रॅक्ट नोट पाठवली" म्हणजे ऑर्डर दिली असं होत नाही. लोक सांगतात वकील लावा, कशाला? या टप्प्याला अजिबात गरज नाही.

पहिला रिव्ह्यू एक्स्चेंज, म्हणजे शेअर बाजारच, बघतं, तोही नाही पटला तर पुन्हा १५ दिवसांत दुसरा, तो सेबी बघते. त्यानंतरही स्मार्ट ओडीआर हे वाद मिटवायचं पोर्टल उरतं, आधी समेट मग लवाद, सगळं ऑनलाईन. मामांचं प्रकरण सध्या तिथंच आहे, आणि या वेळी ईमेल माझा दिलाय.