घरच्या कोंबुचाच्या बाटल्या निर्जंतुक करताना

कोंबुचाची (आंबवलेल्या, फसफसणाऱ्या चहाची) बाटली रिकामी होताच विसळली, तर निम्मे काम तिथेच संपते; मुंबईच्या दमट हवेत ती दोन दिवस तशीच राहिली, की तळाशी यीस्टचा पिवळट थर घट्ट बसतो आणि त्या थराआड जंतू तग धरतात. अशी बाटली धुण्याचा सोडा (खाण्याचा नव्हे) घातलेल्या कोमट पाण्यात रात्रभर बुडवून ठेवावी, हातमोजे घालून लांब ब्रशने घासावी, भरपूर पाण्याने धुवावी आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून आतून नीट पाहावी. तोंडाशी टवका उडालेली बाटली निःसंकोच बाद करावी, कारण आतल्या वायूच्या दाबाने ती फुटू शकते.

पातेल्याच्या तळाशी जुने फडके अंथरून बाटल्या गार पाण्यातच ठेवाव्यात आणि मग गॅस पेटवावा, म्हणजे काच एकदम तापून तडकत नाही. उकळी फुटल्यावर 10 मिनिटे पुरतात. झाकणाची रबरी चकती काढून वेगळी धुवावी. बाटल्या फडक्याने पुसू नयेत, स्वच्छ जाळीवर उपड्या निथळू द्याव्यात आणि गार होताच भराव्यात. पावसाळ्यात आदल्या दिवशी उकळून ठेवलेल्या बाटल्यांवर मी कधीच विसंबत नाही.