एका मोबाइलवर विज्ञानाचा तास

विज्ञान शिकवण्यासाठी मोबाइल वापरायचे ठरले की बहुतेकदा आधी ॲप शोधले जाते आणि मग त्याला साजेसा पाठ निवडला जातो. हा क्रम उलटा असावा. जे वर्गात प्रत्यक्ष करून पाहता येते, त्यासाठी पडद्याची गरज नाही. बीज कसे अंकुरते हे दाखवायला ओल्या फडक्यात बांधलेली मटकी पुरते. अतिसूक्ष्म, फार दूरचे किंवा धोक्याचे असेल, तेवढ्यापुरताच मोबाइल हाती घ्यावा.

बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड दीक्षा ॲपने स्कॅन केल्यास त्या पाठाचे पूरक साहित्य मिळते. मात्र नुसती चित्रफीत पाहणे म्हणजे प्रयोग नव्हे. मुलांना स्वतः बदल करून परिणाम पाहता यावा, यासाठी कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट या प्रकल्पातील सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे आभासी प्रयोग, अधिक उपयोगी आहेत. संकेतस्थळावर ती विनामूल्य असून त्यांपैकी अनेक मराठीतही आहेत, आणि आदल्या दिवशी फाइल उतरवून ठेवली की ती ब्राउझरमध्ये इंटरनेटशिवाय चालतात. नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील पाड्यांवरच्या शाळांसाठी ही सोय मोलाची आहे.

विद्युत परिपथाचा पाठ घेताना प्रथम सेल, तार आणि बल्ब यांची जोडणी कशी केल्यास बल्ब लागेल, याचे चित्र प्रत्येकाला वहीत काढायला सांगावे. त्यानंतरच मोबाइलवर फेटचे परिपथाचे सिम्युलेशन उघडावे, आणि गटागटाने पुढे येणाऱ्या मुलांनीच जोडणी करावी. शिक्षकाने बोट लावू नये. बॅटरीची दोन टोके नुसत्या तारेने जोडली की पडद्यावर ज्वाळा दिसतात. मुले हसतात, तिथेच थांबून असे का झाले हे विचारावे आणि घरातील प्लगशी खेळायचे नाही, हे स्पष्ट बजावावे. लगेच खरा सेल आणि टॉर्चचा बल्ब द्यावा. पडद्यावरची जोडणी सहसा सैल पडत नाही, खरी मात्र पडते. तारेवरचे प्लास्टिक नीट सोललेले नसते, बल्ब लागत नाही, आणि दोष शोधण्याच्या त्या खटपटीतच मुलांना परिपथ खऱ्या अर्थाने समजतो, म्हणून या भागासाठी निम्मा तास राखून ठेवावा.

आकाशदर्शनासाठी स्टेलेरियम ॲपमध्ये स्थान नाशिक निवडून वेळ रात्री आठची करावी. नाशिक सुमारे 20 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून साधारण 20 अंश वर दिसतो. हात लांब करून धरलेली मूठ जवळपास 10 अंश झाकते, तेव्हा एकावर एक दोन मुठी ठेवून तो तारा गच्चीवरून किंवा अंगणातून शोधण्याचा गृहपाठ द्यावा. पालकांचा मोबाइल मागण्याची आवश्यकता नाही. पावसाळ्यात आकाश झाकलेले असते, त्यामुळे हा पाठ दिवाळीनंतर घेणे सोयीचे.