लेंटमध्ये इंद्रियदमन कसे करावे: चहा सुटतो, आणि जीभही

लेंट म्हणजे ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपासाचा काळ; तो राखेच्या बुधवारी सुरू होतो. त्या बुधवारच्या आधी सोडायची एकच गोष्ट ठरवा. चहा, मटण, मोबाइल, मालिका असं सगळं एका दमात सोडणारे पहिल्या रविवारपर्यंतही टिकत नाहीत. लेंटचे दिवस ४६. त्यातून ६ रविवार वजा केले की ४० उरतात. रविवारी चहा घ्या आणि उगाच मनाला लावून घेऊ नका. वाचलेले पैसे डब्यात टाका, ईस्टरला कुणा गरजूला द्या. औषधं चालू असतील तर अन्नाचा उपास डॉक्टरांना विचारूनच. सोपा भाग संपला.

अवघड भाग दुपारी चारला सुरू होतो.

चहा सोडण्याचं माझं पहिलं वर्ष. तिसरा दिवस, शुक्रवार. डोकं ठणकत होतं. मुलाच्या हातून वहीवर पाणी सांडलं आणि मी असा ओरडलो की शेजारच्या मावशी दारात येऊन उभ्या. बायकोने काही न बोलता आधण ठेवलं, कप माझ्यापुढे सरकवला. "घ्या. उपास तुमचा आणि त्रास आम्हाला."

त्या रात्री बायबलमधला यशयाचा ५८वा अध्याय उघडला. उपास धरून भांडणाऱ्यांचा तिथे चांगलाच समाचार घेतलाय. चौथं वचन तर माझ्याच स्वयंपाकघरात बसून लिहिल्यासारखं.

लोक सांगतात, दहापर्यंत मोजा. मोजून पाहिलं. मी ते दहा आकडे उत्तराला धार लावण्यात घालवायचो आणि अकराव्याला आधीपेक्षा झोंबणारं बोलायचो. लूक ११ मध्ये अशुद्ध आत्मा सोडून गेलेलं घर झाडूनपुसून लख्ख असतं, म्हणूनच तो आणखी सात जणांना घेऊन परततो. जीभ नुसती गप्प ठेवलीत तर तेच होणार. तिला काम द्या. माझं काम स्तोत्र १४१ मधलं: परमेश्वरा, माझ्या मुखावर पहारा ठेव. मनात नाही, ओठ हलवून. पुटपुटलात तरी चालेल. ओठ गुंतलेले असताना टोमणा बाहेर पडत नाही.

पण रागात ही ओळ आठवेल या भरवशावर राहाल तर फसाल. मी पहिले पंधरा दिवस फसलो. मग शांत असताना, भांडी घासताना, रोज म्हणायला लागलो. आणि आपला राग अंगात कुठून चढतो ते ओळखून ठेवा. माझे आधी कान तापतात. कान तापले की ओळ म्हणायची आणि माठाकडे चालू लागायचं; खोली सोडणं महत्त्वाचं, पाणी हे निमित्त.

बायबलमध्येच, प्रेषित पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात पवित्र आत्म्याचं फळ म्हणून नऊ गुण दिलेत. इंद्रियदमन शेवटचं, त्याला खेटून आधी सौम्यता. आणि शब्द 'फळ', एकवचनी. घरच्यांवर खेकसत चहा सोडणाऱ्याने ते दोन्ही शब्द एकदा शेजारी वाचावेत.

घसरलात तर माफी मागा: "मी ओरडलो, चुकलं." पुढे "पण तू..." हे शेपूट जोडलंत तर माफी बाद. पौलाच्याच इफिसकरांस पत्रात राग सोडायची मुदत सूर्यास्ताची आहे. आमच्या घरी ती रात्रीच्या जेवणापर्यंत वाढवून घेतलीय.

यंदा मी चहा सोडलेला नाही. ओरडणं सोडलंय. बायको अजून निकाल द्यायला तयार नाही.