रानपिंगळ्याचा फोटो: सेटिंग नागपुरातच करून निघा

मेळघाटात रानपिंगळा (घुबडाच्या जातीचा छोटा पक्षी) दिसतो, पण पहाटेच्या उजेडात फोटो हलतो. मागे आभाळ असलं तर पक्षी काळा ठिक्कर येतो. जिप्सीत बसून बटणं दाबण्यापेक्षा हे काम घरीच उरकून टाका. नागपुरातल्या जुन्या झाडांच्या ढोलीत राहणारा साधा पिंगळा आकाराने जवळपास तेवढाच असतो. सकाळी त्याच्यावरच सराव करायचा.

१. मॅन्युअल मोड, शटर १/५०० सेकंद, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र) पूर्ण उघडं, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) ऑटो, कमाल ६४००. आयएसओ वाढल्याने फोटोत दाणे आले तर येऊ द्या. ते नंतर कमी करता येतात, हललेला फोटो मात्र सुधारत नाही.
२. मागे आभाळ असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करायचं सेटिंग) +१, गर्द झाडी असेल तर साधारण –०.७.
३. जमलेलं सेटिंग कॅमेऱ्याच्या डायलवर सी-१ला (आपलं सेटिंग साठवायची जागा) सेव्ह करा. जंगलात फक्त डायल फिरवायचा.

लेन्स टेकवायला कापडी पिशवीत दोन किलो तांदूळ भरून न्या; जिप्सीच्या दांड्यावर ट्रायपॉडपेक्षा हीच बरी.

अंधारात फार धडपडूही नका. रानपिंगळा दिवसा वावरणारा पक्षी आहे, सकाळी सागाच्या उघड्या फांदीवर ऊन खात बसतो. सूर्य वर आल्यावरचा पहिला तास खरा कामाचा. सूर्य आपल्या पाठीशी राहील अशी गाडी लावायला गाइडला आधीच सांगून ठेवा.

मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलावू नका, फ्लॅशही नको. घरटं दिसलं तर फोटोसोबत जागा टाकू नका.