घरच्या केकवर फॉन्डन्ट लावताना

फॉन्डन्ट, म्हणजे केकवर चढवायचं साखरेचं कणकेसारखं मऊ आवरण, लावायचं तर आधी केक नीट थंड होऊ द्या, मग त्यावर बटरक्रीमचा (लोणी आणि साखर फेटून केलेल्या क्रीमचा) पातळ थर द्या आणि अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, व्हिप्ड क्रीम शक्यतो नकोच कारण त्यातल्या ओलाव्याने फॉन्डन्ट विरघळायला लागतं. आता फॉन्डन्ट चांगलं मळून घ्या, कोरडं वाटलं तर हाताला किंचित तूप चोळा, चिकटत असेल तर थोडी आयसिंग शुगर, आणि मळण्यात अजिबात घाई करू नका, सगळी मजा तिथेच आहे.

लाटताना जाडी ३-४ मिमी. माप सोपंय, केकची रुंदी अधिक दोन्ही बाजूंची उंची, म्हणजे ८ इंची आणि ४ इंच उंच केकला १६ इंच, वर इंच-दोन इंच जास्तीचं धरा. लाटण्यावर गुंडाळून उचला आणि केकवर अलगद सोडा. आधी वरचा भाग सपाट करा, मग वरची कड, मग बाजू. खाली चुण्या पडतात तिथे दाबायचं नाही हं, फॉन्डन्टची कड हलकेच बाहेर ओढून चुणी उघडायची आणि तळव्याने वरून खाली फिरवत चिकटवायचं. हवेचा फुगा दिसला तर स्वच्छ टाचणीने तिरकं टोचा. फुलं, पानं चिकटवायला थेंबभर पाणी पुरतं. उरलेलं फॉन्डन्ट लगेच प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळा, उघडं राहिलं की कडक होतं.